शिकेकाईच्या आधीची ज्वारी

वैनी, तुला शेवटची आंघोळ घातली ती दुकानातल्या शाम्पूच्या पुडीनं.

हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं बोलता येईल. अंगणात पाट मांडला होता, चुलीवर पाणी तापलं होतं, तुझे केस मोकळे केले होते. शेजारच्या सखूबाईंनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "लता, शिकेकाई दे व लवकर. पानी निवून राह्यलं." मी आत धावले. फडताळातले तुझे सगळे डबे एकामागून एक उघडले. एकात मेथ्या होत्या, एकात नागरमोथ्याचे चार वाळके तुकडे. बाकीच्यांत नुसता वास. मी बाहेर येऊन मान हलवली तेव्हा सखूबाईंना खरंच वाटेना. "या घरात शिकेकाई नाई?" शेवटी कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पुड्या आणल्या आणि सखूबाईंनी त्या दातांनी फोडल्या. पांढरा फेस आला, आणि अंगणभर तो गोडमिट्ट वास पसरला ज्यानं तुझं डोकं दुखायचं. गावातल्या किती नवरीमुली तुझ्या हातच्या शिकेकाईनं न्हाल्या, आणि तुझ्या वाट्याला पुडी आली. मळवट भरताना बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. घरात शिकेकाई का नव्हती याचं खरं कारण त्या अंगणात फक्त मला माहीत होतं.

आज नववा दिवस आहे. दादा ओट्यावर बसून असतो. तू गेल्यापासून तो माझ्याशी फार बोललेला नाही, आणि बोलला की मला भीती वाटते. तेरवी झाली की मला भैंशाला माझ्या दफ्तरात परत जायचं आहे. त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यायचं आहे. चार दिवसांचा ताप काय आणि पाचव्या दिवशी तू नाहीस काय. मला वाटलं होतं, सांगायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

तू किनवटकडून या घरात आलीस तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि तू वीस-एकवीसची. तुझ्या पेटीत साड्यांपेक्षा पुरचुंड्या जास्त निघाल्या, म्हणून आईनं तोंड वाकडं केलं होतं. मी तेव्हा गोरं करणारं मलम चोरून लावत होते. तांदळाच्या डब्यात ट्यूब लपवायची, सगळे झोपले की चोळायची. दोन महिन्यांत गालांची सालं निघाली, नाकाशेजारी लाल चट्टे उठले, आणि मी ओढणी तोंडावर घेऊन शाळेत जाऊ लागले. तांदूळ काढताना तुझ्या हाताला ती ट्यूब लागली. तू आईला सांगितलं नाहीस. मला परसात नेऊन तोंडावरची ओढणी बाजूला केलीस आणि विचारलंस, "गोरी होऊन कुठी जाऊन राह्यली व?"

"लग्न होत नाही काळीचं," मी म्हटलं.

"ज्याले पांढरंच पाह्यजे त्यानं कापूस घरी न्यावा," तू म्हणालीस.

मी हसले आणि हसताना गाल चरचरले. आठ दिवस तू मला कुंपणावरच्या कोरफडीच्या गराशिवाय काही लावू दिलं नाहीस. मग मसुराची डाळ दुधात भिजवून, पाट्यावर वाटून, तुझ्याच हातानं लावलीस. "जोरात घासू नको, भांडं नोहे ते." रंग होता तोच राहिला, आग मात्र थांबली. पुढं माझं लग्न काही जमलं नाही, ती गोष्ट वेगळी. मी शिकले, महसूल दफ्तरात लागले, दिवसभर तेलुगूत कागद लिहू लागले आणि संध्याकाळी तुझ्याशी मराठीत भांडू लागले. आई गेल्यावर घरात आपण तिघंच. तुम्हाला मूल झालं नाही. तू माझीच वेणी घालत राहिलीस, माझे केस पांढरे व्हायला लागले तरी.

आपली भांडणं आठवली की मला अजून उत्तरं सुचतात. नेरडीगोंड्याच्या डोंगराकडच्या गोंड बाया बाजारात शिकेकाईच्या शेंगा आणि रिठे घेऊन यायच्या. रिठ्यांना त्या बाजारच्या सवयीनं कुंकुडुकाया म्हणायच्या, तू रिठाच म्हणायचीस, आणि दोघींना एकमेकींचं बरोबर कळायचं. शेंग कानाशी धरून तू हलवायचीस. आत बी खुळखुळली तर घ्यायची. मग एक शेंग मोडून, थुंकी लावून, दोन बोटांत चोळून फेस बघायचीस. मला त्या थुंकीची किळस यायची आणि तू मुद्दाम माझ्यासमोर करायचीस. घरी आणून सावलीत वाळवायचं, तेही जुन्या सुती लुगड्यावर. मग पशानं मोजायचं: शिकेकाई इतके पसे, रिठा एक, आवळा एक, मेथी मूठभर, वाळा आणि नागरमोथा वासापुरता.

"वजन करून लिहून ठेवू या," मी म्हणायची. "उद्या दुसऱ्या कुणाला करायचं झालं तर?"

"ओली शेंग अन् वाळलेली शेंग, वजनात एक होते काय? हाताले समजते ते काट्याले नाई समजत."

मी वही घेऊन बसायची आणि तू पसे इतक्या भराभर टाकायचीस की माझी मोजदाद चुकायची. शेवटी मी वही मिटली. ती वही मी हट्टानं लिहायला हवी होती, वैनी. लिहिली असती तर तुझ्या हाताचा पुरावा राहिला असता.

आणि ते पाण्याचं भांडण. न्हाणीतलं पाणी दगडी नालीतून परसातल्या केळीला आणि अळूला जायचं. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या हौसेनं वासाचा शाम्पू आणला, तर महिनाभरात अळूच्या पानांच्या कडा जळाल्या. शाम्पूनंच जळाल्या असं मी अजून मानत नाही; त्या वर्षी ऊनही फार होतं. पण तू मला हात धरून परसात नेलंस आणि पान दाखवलंस. "तुह्या डोक्यावरून गेलेलं पानी हे पेते. मंग हे आपन खातो. समजलं काय?" पर्यावरण हा शब्द मी तुला दफ्तरातल्या एका परिपत्रकातून वाचून दाखवला होता. तू म्हणालीस, इतकं लांब नाव कशाले, नाली म्हना की. आणखी एकदा तू ओढ्यावरच्या धुण्याच्या दगडाजवळून एक शाम्पूची पुडी उचलून आणलीस आणि केळीच्या बुडाशी पुरलीस. पुरून विसरली नाहीस. दोन वर्षांनी उकरून माझ्या पुढ्यात टाकलीस. काळ्या मातीत सगळं कुजतं, पण पुडीवरची बाई तशीच केस उडवत हसत होती.

"पाह्य, जशीच्या तशी. आपन दोघी मातीत गेलो तरी ही हासूनच राह्यन," तू म्हणालीस.

मी तेव्हा तुझी खूप थट्टा केली. दफ्तरात जाऊन सांगितलं की आमच्या वैनीनं शाम्पू पेरलाय. पण त्या दिवसापासून मी शाम्पू आणला नाही. हे मी तुला कधी कबूल केलं नाही, म्हणून आता करते. डोक्याला तुझी शिकेकाई, अंगाला हरभऱ्याच्या पिठात आंबेहळद, हिवाळ्यात ओठांना मेण आणि तूप. कापूस वेचून बायांच्या बोटांना बोंडाच्या कडांनी चिरा पडायच्या, त्यांच्यासाठी तू मोहाच्या बियांच्या तेलात मेण घालून मलम करायचीस आणि मागायला न येणाऱ्यांच्याही घरी पोचवायचीस. लग्नघरं तर तुझ्या दारी यायचीच. नवरीला हळदीआधी न्हाऊ घालायचं ते तुझ्या शिकेकाईनं, असं आपल्या गल्लीत ठरूनच गेलं होतं. त्या दिवशी तू नवीन साडी नेसून डबा घेऊन जायचीस. तुझ्या तोंडावर तो जो मान दिसायचा तो मला फार आवडायचा.

आता गिरणीचं सांगते.

पिठाच्या गिरणीत शिकेकाई कुणी घालू देत नाही, भाकरी कडू होते. ती मिरची-हळदीच्या यंत्रातच द्यावी लागते. म्हणून तुझी रीत होती: शिकेकाईच्या आधी शेरभर ज्वारी त्या यंत्रातून काढायची. आतली मिरची ज्वारीबरोबर निघून जायची, मग शिकेकाई. ती लालसर भरड तू वांग्याच्या झाडांना टाकायचीस, कीड येत नाही म्हणायचीस. इतक्या वर्षांत तू हे एकदाही चुकवलं नाहीस. मी हसायची, शेरभर ज्वारी फुकट घालवते म्हणून.

गेल्या दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आधी राज्य वेगळं झालं, मग जिल्हा. आपलं गुडीहत्नूर आदिलाबादेतच राहिलं, भैंसा निर्मलमध्ये गेलं. तुला त्याचं काही वाटलं नाही. किनवट तर केव्हाचंच दुसऱ्या राज्यात होतं, तरी तू माहेरी जातच होतीस. पण आम्ही दफ्तरातली माणसं रोज फलकाकडे धावत होतो. कुणाला कुठल्या जिल्ह्यात टाकणार याच्या याद्या लागत होत्या, बदलत होत्या, पुन्हा लागत होत्या. तुळशीचं लग्न झालं आणि गल्लीतल्या कमलबाईच्या सुनीताचं लग्न ठरलं. तुझ्या गुडघ्याला त्या आठवड्यात सूज होती. तू दोन डबे शिकेकाई माझ्याकडे दिलीस आणि ज्वारीची वेगळी पुरचुंडी बांधून वर ठेवलीस. "आधी हे. इसरू नको."

विसरले नाही, वैनी. विसरले असते तर बरं झालं असतं.

त्याच सकाळी आदिलाबादेत नवी यादी लागणार होती आणि मला बस पकडायची होती. गिरणीवर लग्नसराईचा मसाला दळणाऱ्यांची रांग. माझा नंबर आला तेव्हा यंत्रातून नुकती कुणाची तरी मिरची निघाली होती. हवेतच ठसका होता. गिरणीवाल्यानं स्वतः सांगितलं, "मिर्ची निकली है अभी, बाई. पहले जवारी डालो, फिर ये."

मी घड्याळ पाहिलं. "टाइम नहीं है, भाई. ऐसेच डाल दो."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवून डबा ओतला.

ज्वारी हातातच राहिली. ती तशीच घरी नेली असती तर तू विचारलं असतंस, आणि मला तुझी बोलणी खायची नव्हती. एवढंच कारण होतं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, दफ्तरात माझ्या सहीनं कागद हलतात, आणि तुझ्या रागावण्याला भ्यायले. वाटेत एका घरासमोर कोंबड्या होत्या. त्यांच्यापुढं मी ती ज्वारी झाडली, रिकामं फडकं घडी करून डब्यावर ठेवलं, डबे तुझ्या हातात दिले आणि बस गाठली. यादीत माझं नाव होतं. निर्मल जिल्हा, भैंसा.

मी रडतच घरी आले. तू शिकेकाई चाळत बसली होतीस, शिंकत होतीस. शिकेकाई चाळताना सगळेच शिंकतात, त्यामुळं तुला शंका आली नाही. हातातली चाळणी ठेवलीस, माझं डोकं मांडीवर घेतलंस. "भैंसा काय समुद्रापार हाये काय? मी डबा पाठवत जाईन तुले." तुझ्या बोटांना ती पूड लागलेली होती. माझे डोळे चुरचुरले, मला वाटलं रडण्यानं.

पहिला डबा सुनीताच्या घरी गेला. यंत्रातली सगळी मिरची त्या पहिल्या डब्यात उतरली होती. हळदीच्या दिवशी तू स्वतः तिला न्हाऊ घालत होतीस. पोरगी आधी म्हणाली, मामी, चुरचुरतं. तू म्हणालीस, डोळे घट्ट मीट, रिठा हाये. मग ती ओरडलीच. पाणी ओतलं, आणखी ओतलं, तर ते खाली उतरून मान आणि पाठही पेटली. दवाखान्यात नेलं, डोळे धुतले. लग्न लागलं, पण नवरीचे डोळे सुजून बारीक झाले होते, कपाळावर लाल पट्टा होता. वऱ्हाडातल्या बाया कुजबुजल्या, पोरगी मनातून राजी नाई वाटते, रातभर रडली. ते कुजबुजणं कमलबाईच्या कानावर गेलं आणि तुझ्याही गेलं. तू मांडवातून न जेवता घरी आलीस.

दादा दारात होता, सखूबाई होत्या, अजून दोघीतिघी होत्या. तू माझ्याकडे वळलीस.

"लता, ज्वारी टाकली होती ना आधी?"

"हो," मी म्हटलं. "फडकं रिकामंच आणलं ना."

तू लगेच मान हलवलीस. गिरणीवाल्याला विचारायला तू गेली नाहीस. घरच्या माणसाचा शब्द बाहेर जाऊन पडताळायचा नसतो, असं तुझं होतं. तू खाली बसलीस, दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितलेस आणि म्हणालीस, "मंग रिठा जास्त पडला माह्या हातानं." मी उभी होते. तेव्हाच बोलायचं होतं. सगळ्यांसमोर नको, नंतर एकटी असताना सांगू, असं मनात म्हटलं. नंतर एकटी असताना वाटलं, चार दिवस जाऊ देत.

दुसऱ्या दिवशी तू उरलेल्या डब्यातली शिकेकाई स्वतःच्या डोक्याला लावून बघितलीस. काहीच झालं नाही. दुसरा डबा तोपर्यंत स्वच्छ निघालेला होता, हे तुला कुठून कळणार? तू सुटकेचा निःश्वास टाकशील असं मला वाटलं, तर तू आणखीच घाबरलीस. एकाच घाण्यात एक डबा बरा आणि एक जहाल, म्हणजे कालवणंही धड जमलं नाही आपल्याला, असं तू धरलंस. मनातून मला तेव्हा बरं वाटलं की वही लिहिलेली नाही. वहीत पसे असते तर तू मोजले असतेस, रिठा बरोबरच होता हे तुला कळलं असतं, आणि मग तू गिरणीपर्यंत पोचली असतीस. हे मी तुला सांगते आहे कारण खोटं बोलण्यापेक्षाही मला याची जास्त लाज वाटते.

कमलबाईकडे तू नारळ घेऊन माफी मागायला गेलीस. मी तुझ्यासोबत होते. कमलबाई वाईट बाई नाही. "राहू द्या व बाई, होत असते," ती म्हणाली, पण पाणी द्यायचं तिला सुचलं नाही. सुनीताची लहान बहीण दारामागून तुझ्या हातांकडे बघत होती. तूही ते पाहिलंस. घरी येताना पदर पुढं ओढून घेतलास आणि दोन्ही हात त्यात गुंडाळलेस.

मी भैंशाला गेले. पहिल्या महिन्यात तू डबा पाठवला नाहीस. मी फोनवर विचारलं तर म्हणालीस, "आता नाई करत मी ते. कोनाच्या डोयात गेलं तर?" संक्रांतीला आले तेव्हा न्हाणीच्या कोनाड्यात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकत होती. तू त्याच वापरत होतीस. नालीचं तोंड तू फडकं कोंबून बंद केलं होतंस आणि पाणी गल्लीत सोडलं होतंस, म्हणजे निदान केळ वाचेल. मी ते फडकं बघत कितीतरी वेळ न्हाणीत उभी राहिले. कापूस वेचणाऱ्या बाया मलम मागायला आल्या तर तू त्यांना दुकानातली डबी घ्या म्हणालीस. तुझ्यासारखी बाई दुसऱ्याला दुकानात पाठवते, आणि मी जेवून, झोपून, सोमवारच्या बसनं परत जाते.

सांगायची वेळ आली नाही असं नाही. माघातल्या एका दुपारी तू माझ्या डोक्याला तेल लावत होतीस. घरात कुणी नव्हतं. तू म्हणालीस, "लता, पहिलं जास्वंदीचं तेल करत होती मी, तुले आठोते काय? आता पाह्य, हे बजारचं. वासच नाई याले." मी म्हटलं, "वैनी, एक सांगायचं होतं." तुझी बोटं थांबली. मला वाटलं, ही बोटं आता माझ्या केसांतून निघून जातील. मग मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन येते आठ दिवस." तू खूश झालीस. "ये माय, ये," म्हणालीस आणि पुन्हा चोळायला लागलीस. ती सुट्टी ही अशी मिळाली.

तू मला माझं तोंड परत दिलंस, वैनी. आरशात बघायला मला आजही लाज वाटत नाही ती तुझ्यामुळं. गावातल्या बाया तुझ्यामागं आठवणी काढताहेत, कुणाच्या नखुर्ड्याला काय बांधलंस, कुणाच्या बाळाला कसलं उटणं लावलंस. सगळ्या म्हणतात, हाताला गुण होता. मग एखादी हळूच म्हणते, शेवटी शेवटी गेला होता म्हना. मी तिथून उठते. आज दुपारी तसं पुन्हा झालं तेव्हा मी उठले ती सरळ ओट्यावर दादाकडे गेले.

तो दोरीचा पीळ घालत बसला होता. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. गिरणी, कोंबड्या, रिकामं फडकं. बायकांना तेरवीला जमल्यावर सगळ्यांसमोर सांगणार आहे, तेही सांगितलं. त्याचे हात चालूच होते. मला वाटलं, तो ओरडेल, घरातून जा म्हणेल, आणि ते मला चाललं असतं.

"गिरनीवाल्यानं सांगलं होतं तुले?" त्यानं विचारलं.

"हो."

"तरी नाई टाकली."

"नाही टाकली, दादा."

त्यानं दोरी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न बघता बोलला.

"तापातल्या तिसऱ्या दिवशी तिनं मले विचारलं होतं. मी पानी पाजून राह्यलो होतो. म्हने, तुमी खरं सांगा, माहा हात खरंच गेला होता काय? तिले बरं वाटावं म्हनून म्हनाचं होतं, नाई गेला म्हनून. पन मले वाटलं, आता काऊन खोटं बोलाचं तिच्यासंगं."

त्यानं दोरी पुन्हा हातात घेतली.

"मी हो म्हनलो, लता."